अण्णांच्या कॅसेटी आणि परवानगीचे कागद

मैफलीचं रेकॉर्डिंग कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न अण्णा होते तोवर आमच्या घरात कधी निघाला नाही. अण्णा म्हणजे आमचे वडील, त्यांचा स्पीकरचा धंदा. सांगली-मिरजेत लग्न, सभा, गणपती, नवरात्र, उरूस, जिथं कर्णा लागेल तिथं आमचा टेम्पो. गाण्याचा कार्यक्रम असला की अँप्लिफायरच्या मागून एक वायर काढून टेपरेकॉर्डरला जोडायची आणि कोरी कॅसेट घालायची, ही त्यांची सवय. सुरू होण्याआधी विचारायचे, "बुवा, भरून घेऊ का?" बुवा तंबोरा जुळवता जुळवता मान हलवायचे. परवानगी म्हणजे एवढीच.

२०१९च्या पुरात गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला गेला. कॅसेटींची ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली, पण ओल चढायची ती चढलीच आणि काही फितींवर पांढरी बुरशी दिसायला लागली. मग त्या उतरवून घ्यायला बसले. ते कसं केलं याचं पुराण लावत नाही. डेक दुरुस्त करून घेतला, हेड स्पिरिटनं पुसत राहिले, लॅपटॉपवर आवाज भरून घ्यायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठच मिनिटं लागतात, तिथं घाई करून चालत नाही. खरं काम त्यानंतरचं होतं, कारण जो ऐकेल तो म्हणायचा, "यूट्यूबवर टाकून दे की."

टाकून देणारे पुष्कळ आहेत. मी ज्या जुन्या गाण्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे तिथं रोज सकाळी कुणीतरी अख्खा अल्बम टाकतं आणि खाली वीस जण हात जोडतात. आपापल्या घरी ऐकणं वेगळं, शेकडो अनोळखी माणसांना वाटणं वेगळं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगतं. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. पण सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र धरला आहे. हे ग्रुपवर लिहिलं तर एकानं उत्तर दिलं, "ताई, सकाळी सकाळी कशाला घाबरवताय?" घाबरवत नव्हते. ग्रुपवाल्यांना कोणी धरून नेईल असं मलाही वाटत नाही. पण माझ्याकडच्या कॅसेटी कंपनीच्या नव्हत्या, माणसांच्या होत्या, आणि त्यातली निम्मी माणसं किंवा त्यांची मुलं इथंच, रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर राहतात.

ओळखीच्या एका वकिलांकडे गेले. त्यांचं रोजचं काम हळदीच्या व्यापाऱ्यांच्या चेक बाउन्सच्या केसेस. म्हणाले, "कॉपीराइटचं माझं वाचन कॉलेजात संपलं." पण कायद्याचं पुस्तक काढून बसले आणि मजा यायला लागल्यावर चहाही त्यांनीच मागवला.

त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोक्यातला एक गोळा सोडवला. एका गाण्यात तीन-चार हक्क एकावर एक बसलेले असतात. शब्द लिहिणाऱ्याचा, चाल बांधणाऱ्याचा, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा, आणि ध्वनिमुद्रण ज्यानं केलं त्याचा. लेखक आणि संगीतकार यांचा हक्क ते गेल्यावर पुढची साठ वर्षं, तीही मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजायची. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं. कलाकाराचा हक्क मैफलीनंतर पन्नास वर्षं. प्रत्येक कॅसेटीला हे सगळे प्रश्न वेगवेगळे विचारायचे.

मग मी एक वही केली. नाट्यपदांपासून सुरुवात केली, कारण सांगलीत ट्रंक उघडली तर वर नाट्यपदंच येणार. 'मानापमान' १९११ सालचं. शब्द खाडिलकरांचे, ते आमच्या सांगलीचेच, १९४८ साली गेले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ साली गेले. म्हणजे शब्द २००९ पासून मोकळे, चाली २०१६ पासून. पारंपरिक बंदिशींचा तर प्रश्नच नाही. पण एका रामनवमीच्या कॅसेटीत आमच्याच पेठेतल्या एका गायकानं 'गीतरामायणा'तली पदं गायली आहेत, आणि काय गायली आहेत! गदिमा आमच्याच जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. १९७७ साली गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२ साली गेले, तेव्हा चालींचा हक्क २०६२ पर्यंत. देवळात धार्मिक कार्यक्रमात ती पदं गायला कायद्यात सूट आहे. वकीलसाहेबांचं म्हणणं, ती सूट गाभाऱ्यापुरती, त्याचं रेकॉर्डिंग जगभर वाटायला ती पुरणार नाही. ती कॅसेट बाजूला ठेवली. घरी ऐकते.

आता अण्णांनी भरलेल्या मैफली. ध्वनिमुद्रण करणारा म्हणून त्याचे मालक अण्णा, आणि त्यांच्यामागे आम्ही भावंडं. हे ऐकून माझा भाऊ खूश झाला. पण गाणाऱ्यांचं काय? कायद्यानं कलाकार कुणाला म्हणायचं याची यादी दिली आहे. गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, आणि हो, गारुडीसुद्धा. नागपंचमीच्या नागांसाठी प्रसिद्ध असलेल्या बत्तीस शिराळ्याच्या लोकांनी हे वाचायला हवं. तर वादक त्यात आहे, म्हणजे तबलजी, पेटीवाला, मागं तंबोरा धरून बसलेला शिष्य, सगळे आले. मात्र कलाकारांचा हा हक्क आपल्या कायद्यात आला १९९४च्या दुरुस्तीनं, आणि ती लागू झाली १९९५च्या मे महिन्यात. अण्णांच्या बहुतेक कॅसेटी त्याआधीच्या. वकीलसाहेब म्हणाले, "आधीच्या मैफलींना हा हक्क लागू होतो की नाही यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. तुम्हाला वाद घालायचाय का?"

मला नव्हता घालायचा. मी सगळ्यांना विचारायचं ठरवलं.

गायकांची घरं सापडायला त्रास झाला नाही. साथीदारांचा झाला. अण्णांच्या अक्षरात कॅसेटीवर असायचं: 'अंबाबाई, नवरात्र, अमुकबुवा, पूरिया, बाजू ब ठुमरी'. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, एका अक्षरानं नाही. अण्णांना सगळे पाठ होते, लिहायचं कशाला? शेवटी फोनमध्ये रेकॉर्डिंग भरून मिरजेला सतारमेकर गल्लीत गेले. तिथं एक वयस्क कारागीर भोपळ्याला कानस मारत बसले होते. कानस थांबवली नाही, फोनकडे बघितलंही नाही. मध्यलयीत तबलजीनं एक छोटी तिहाई घेतली तसे म्हणाले, "ह्यो तर आमचा बुधगावचा. डग्गा बघा कसा बोलतोय." मग पेटीवाला कोण असेल याचाही अंदाज सांगितला, आणि तो बरोबर निघाला.

बुधगावात त्या तबलजींच्या पत्नी भेटल्या. त्यांनी कागद बघायच्या आधी रेकॉर्डिंग ऐकायला मागितलं. ऐकून झाल्यावर एकच विचारलं, "ह्यात त्यांचं नाव लिवलेलं दिसंल का ओ?" मी म्हटलं, गायकाच्या खालोखाल, त्याच अक्षरात. पैशाचा विषय मीच काढला. चॅनेलवर जाहिराती लावणार नाही, कधी लावल्या तर सगळ्या घरांत वाटणी, असं कागदात लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं नाही. पण सुनेनं नीट वाचलं, आणि 'कधी लावल्या तर आधी कळवू' हे वाक्य घालायला लावलं. बरोबरच होतं तिचं.

या कागदाबद्दल एक गोष्ट कामाची आहे. परवानगी लेखी हवी आणि त्यात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहायचे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची समजतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. इंटरनेटवर टाकलेलं गाणं वाघा बॉर्डरवर थांबत नाही, तेव्हा 'जगभर' हा शब्द पाहिजेच. आम्ही मुदत दहा वर्षं ठेवली. कायमची मागायला मला जड गेलं.

एका घरात नकार मिळाला. विश्रामबागेत राहणाऱ्या त्या बाई एका गायकाची मुलगी. कॅसेट १९८८ची, मिरजेतली. त्या रात्री बुवांचा घसा बसलेला होता. तार सप्तकात आवाज दोनदा फाटतो, आणि विलंबित संपल्यावर ते माइकवरच श्रोत्यांची माफी मागतात. मग तराणा, म्हणजे अर्थाच्या शब्दांऐवजी नुसत्या बोलांची चीज, घेतात, आणि त्या फाटक्या आवाजात असं काही गातात की मला विचाराल तर अख्ख्या ट्रंकेतली ती सगळ्यांत मोलाची कॅसेट आहे. मी त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला तराणा ऐकू येतो. मला बाबांची माफी ऐकू येते. नको."

वकीलसाहेबांना मुद्दाम विचारलं. आपल्या गायनाची मोडतोड करून अब्रूला धक्का लावला तर हरकत घेण्याचा नैतिक हक्क कलाकाराला २०१२च्या दुरुस्तीनं मिळाला, कलम ३८-ब. पण इथं मोडतोड कुठं होती? जसं गायले तसंच होतं. शिवाय लेखकाच्या बाबतीत हा हक्क वारसांना चालवता येतो असं कायदा सांगतो, कलाकाराच्या कलमात तसं वाक्य नाही. आणि मैफल १९९५च्या आधीची. थोडक्यात, मी ती टाकली असती तर बहुधा त्यांना काही करता आलं नसतं. माझा भाऊ म्हणालाही, "मग टाक की." मी त्यांना एका पेन ड्राइव्हवर प्रत नेऊन दिली आणि वहीत त्या ओळीपुढं 'नाही' लिहिलं. तो तराणा लोकांनी ऐकायला हवा होता असं मला अजूनही वाटतं. पण माझ्या वाटण्याला तिथं मत नव्हतं.

मग एकदाचं यूट्यूबवर चॅनेल काढलं. मैफलींबरोबर ट्रंकेतली एक तबकडीही टाकली, मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची, १९३०च्या दशकातली. मिरजेच्या चॅनेलवर खाँसाहेब नसतील तर काय अर्थ? ते गेले १९३७ साली, ध्वनिमुद्रणाची साठ वर्षं केव्हाच संपलेली. आणि दावा आला तो नेमका त्याच तबकडीवर. एका कंपनीनं (नाव लिहीत नाही) हे ध्वनिमुद्रण आपलं म्हणून सांगितलं होतं.

इथं दोन गोष्टींत लोक गल्लत करतात. टाकलेलं गाणं यूट्यूब कंपन्यांच्या गाण्यांशी आपोआप जुळवून बघतं, त्यातून येतो तो दावा म्हणजे क्लेम. त्यानं बहुधा जाहिरातीचे पैसे दुसरीकडे जातात, नाहीतर व्हिडिओ अडतो. स्ट्राइक वेगळा. हक्कदार रीतसर कायदेशीर मागणी करून व्हिडिओ काढायला लावतो तेव्हा तो पडतो, नव्वद दिवस राहतो, आणि त्या काळात तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं. क्लेमवर हरकत घेता येते, समोरच्याला उत्तराला तीस दिवस. त्यांनी हरकत फेटाळली, आपण अपील केलं आणि तेही फेटाळून त्यांनी व्हिडिओ काढायला लावला तर स्ट्राइक. म्हणून खात्री नसेल तर हरकतीचं बटण दाबू नये.

माझी खात्री भारतापुरती होती. अमेरिकेत २०१८ साली झालेल्या कायद्यानं १९२३ ते १९४६ या काळातल्या ध्वनिमुद्रणांना प्रकाशनापासून शंभर वर्षांचं संरक्षण दिलं आहे, म्हणजे इथं मोकळी झालेली तबकडी तिथं मोकळी असेलच असं नाही. हरकतीत मी तेवढंच लिहिलं: माझ्या मालकीच्या मूळ तबकडीवरून उतरवलेलं आहे, तुमच्या नव्या आवृत्तीवरून नाही, आणि भारतात मुदत संपली आहे. अमेरिकेपुरता त्यांनी आग्रह धरला असता तर मी गप्प बसले असते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही आणि क्लेम गेला.

चमत्कारिक वाटलं ते असं, की ज्यांचा इथं हक्क उरला नव्हता त्यांनी न बोलावता येऊन दावा लावला, आणि ज्यांना विचारायला मी गल्लोगल्ली फिरले त्यांतल्या कुणालाही, मी न विचारता टाकलं असतं, तर पत्तासुद्धा लागला नसता.

काही महिन्यांनी बुधगावच्या तबलजींची ती पूरियाची मैफल दुसऱ्याच एका चॅनेलवर दिसली. वर त्याचा मोठा रंगीत लोगो, वर्णनात फक्त गायकाचं नाव आणि राग, तोही चुकून मारवा. आता तक्रार करण्याची पाळी माझी होती. हक्क होता, बटणही समोर होतं. भाऊ म्हणाला, "दाब." मी आधी त्याला कमेंटमध्ये लिहिलं, की राग पूरिया आहे, आणि तबल्यावर व पेटीवर कोण आहेत त्यांची नावं ही अशी, ती घाला. दोन दिवसांनी त्यानं नावं घातली, रागही दुरुस्त केला. लोगो तसाच आहे. मी तक्रार केली नाही, बुधगावला फोन करून लिंक मात्र पाठवली. सुनेनं विचारलं, "ह्यो माणूस जाहिराती लावतोय, त्याचं काय?" तिला काय उत्तर द्यायचं ते विचारायला पुढच्या आठवड्यात वकीलसाहेबांकडे जायचं आहे.