गळ्यावर फक्त एक वळ

पेशंट स्वतःच्या पायाने कॅज्युअल्टीत आला होता. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर हातगाडीवर भाजी विकणारा, तिशीतला. पावसात घोडबंदरच्या सर्व्हिस रोडने बाइकवर घरी जाताना लोंबकळणारी केबल गळ्याला लागली आणि तो मागे फेकला गेला. हेल्मेटमुळे डोकं वाचलं. गळ्यावर बोटभर रुंदीचा लाल वळ, ऑक्सिजन ९७. बायको म्हणाली, "डॉक्टर, जखम काहीच नाही हो, नुसता आवाज बसलाय."

मला तो आवाजच खटकला. गळ्याला मार लागून आवाज बदलला, तर पेशंट कितीही धडधाकट दिसो, त्याला घरी पाठवायचं नसतं.

आडवं व्हायला सांगितलं तर त्याने हातानेच नको म्हटलं. श्वास घेताना बारीक शिट्टी, रुमालात रक्ताळलेली थुंकी. मानेला हात लावला तर कातडीखाली हवा कुरकुरली आणि कंठमणी चपटा लागला. स्वरयंत्राची कूर्चा, म्हणजे त्याचं मऊ हाड, मोडली होती, आतलं अस्तर फाटून हवा बाहेर येत होती.

तोंडातून नळी घालायची तयारी झाली होती. मी थांबवलं. एरवी तेच बरोबर, पण इथे नळी फाटीतून भलतीकडे शिरली असती आणि उरलीसुरली वाटही बंद झाली असती. त्याला बसवूनच नाकातून लवचीक दुर्बीण घातली. उजवी व्होकल कॉर्ड, म्हणजे आवाज काढणारी पट्टी, रक्ताने फुगलेली, जेमतेम हलणारी. वर पांढरी कूर्चा उघडी पडलेली.

लगेच थिएटरमध्ये घेतलं. भूल फक्त गळ्यापुरती, तो पूर्ण जागा. मणक्यांना इजा असू शकते म्हणून मान मागे न वाकवता ट्रॅकिओस्टॉमी केली, म्हणजे गळ्याला पुढून छेद देऊन थेट श्वासनलिकेत नळी बसवली. भूलतज्ज्ञ मॅडम त्याचा हात धरून सतत बोलत होत्या. नळीतून हवा खेळू लागली तेव्हाच त्याने त्यांचा हात सोडला.

मग सीटी स्कॅन. थायरॉइड कूर्चा, म्हणजे कंठमण्याची कूर्चा, मोडून सरकलेली, मणके ठीक. तिच्या खालचं क्रिकॉइड कूर्चेचं कडं शाबूत होतं, हे मोठं नशीब. श्वासमार्गातलं पूर्ण गोल असं ते एकच कडं, ते चेपलं की वाट आकसते. अन्ननलिकाही तपासली. चोवीस तासांच्या आत अस्तर बारीक टाक्यांनी शिवलं, कूर्चेचे तुकडे टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्यांनी जोडले.

शुद्धीवर आल्यावर त्याने वहीत लिहिलं, 'ओरडता येईल ना?' हो म्हणायला मी धजावलो नाही. आधी श्वास, मग गिळणं, मग आवाज, असं समजावलं.

आता नळी निघाली आहे, जेवण नीट जातं, कॉर्डही हलते. आवाज घोगरा आहे, स्पीच थेरपी चालू आहे. बाजारातला चढा सूर अजून लागत नाही. गाडीवर त्याने भोंगा बसवलाय. त्यात भाव भरलेत बायकोच्या आवाजात.