बोर्ड आला नाही तेव्हा: जकार्डच्या कार्डांची नोंदवही

२० फेब्रुवारी २०२२

काकांच्या शेडमधून आज पहिली माळ घरी आणली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली ही शेड. बाबांचे जुने सोबती म्हणून आम्ही त्यांना काकाच म्हणतो. माग बंद होऊन तीन वर्षं झाली, पण जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची कार्डं अजून खुंट्यांवर लटकलेली आहेत. एकूण सात माळा. आणली ती मोराच्या चादरीची. मोजली तर १,२४८ कार्डं भरली, सगळी दोरीने एकमेकांना ओवलेली.

ज्यांनी कधी माग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा. कार्डाला भोक असेल तिथला हूक उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे उभे धागे वर येतात. भोक नसेल तर ते खालीच राहतात. या कार्डांवर आठ ओळी आणि सव्वीस रकाने, म्हणजे २०८ जागा आहेत. डिझाइन ग्राफवर काढणारे मास्तर आता हयात नाहीत आणि ग्राफही कुठे सापडत नाही. मोर उरलाय तो या पुठ्ठ्यांतच.

काकांना दिवाळीपर्यंत शेड रिकामी करून द्यायची आहे. त्यानंतर माग भंगारात जातील आणि पुठ्ठे रद्दीत. आमच्या दोन खोल्यांत एका वेळी एकच माळ मावते. ती वाचायची, परत नेऊन दुसरी आणायची, असं करत सातही माळा दिवाळीआधी संगणकात उतरवायच्या आहेत.

बेत असा: खाली प्रकाशाची पेटी, वर कॅमेरा, आणि रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डावरचा छोटा संगणक. तोच माळ पुढे सरकवेल, फोटो काढेल आणि ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने भोकं मोजेल. ४ जीबीच्या बोर्डाचे पैसे आजच भरले. विक्रेत्याने एप्रिलचा पहिला आठवडा सांगितलाय.

१० एप्रिल २०२२

बोर्ड आला नाही. आता जून सांगतात. तोच बोर्ड दुसरीकडे अडॅप्टर, केस आणि मेमरी कार्डासह साडेबारा हजारांना दिसला. सुटा मागितला तर देत नाहीत. मूळ किंमत ५५ डॉलर. साडेबारा हजार माझ्याकडे नाहीत, आणि असते तरी दिले नसते.

घोळ कुठे आहे ते दोन संध्याकाळ बसून वाचलं. पाय ४ मधली बीसीएम२७११ ही चिप २८ नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर बनते, पाय ३ आणि झीरो या त्यांच्या दुसऱ्या बोर्डांच्या चिपा ४० नॅनोमीटरवर. कोविडनंतर गाड्यांपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळ्यांना एकदमच चिपा हव्या झाल्या आणि कारखान्यांच्या या जुन्या प्रक्रियांवरच जास्त ताण आला. नवी फॅब, म्हणजे चिपांचा कारखाना, उभी करायला वर्षं लागतात, म्हणून रांग लवकर हलत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये रास्पबेरी पायने २ जीबीचा बोर्ड ३५ वरून ४५ डॉलरला नेला. किंमत वाढवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. या महिन्यात रास्पबेरी पायचे प्रमुख एबेन अप्टन यांनी लिहिलंय की दर महिन्याला साधारण पाच लाख बोर्ड बनतायत. म्हणजे उत्पादन थांबलेलं नाही. मागणी त्याच्या पुढे गेलीय, आणि जे बनतं त्यातलं आधी त्या कंपन्यांना जातं ज्यांच्या यंत्रांत रास्पबेरी पाय बसवलेला असतो. आपल्यासारख्या एकेक बोर्ड घेणाऱ्यांचा नंबर त्यांच्या मागे.

१५ मे २०२२

शेडचे पत्रे असे तापलेत की दुपारी आत उभं राहवत नाही. काकांनी विचारलं, "आलं का बे तुझं ते पार्सल?" नाही म्हणालो. कंपन्यांना आधी देतात हेही सांगितलं. मला वाटलं होतं तेही माझ्यासारखेच चिडतील. ते म्हणाले, "बरोबर हाय की. सूत कमी असलं तर पैलं कुणाला देतेत? ज्याचे माग चालू हायेत त्याला. त्याच्याकडं कामगार असतेत. तुझ्या घरी कोण हाय कामाला?"

यावर मी बराच विचार केला. सुताचे भाव गेल्या वर्षभरात चढले तेव्हा आमच्या गल्लीतले माग आठवड्यातून तीनच दिवस चालत होते. ज्याच्याकडे सूत नाही त्याचा कामगार घरी बसतो, हे मी लहानपणापासून बघत आलोय. कुठल्यातरी छोट्या कारखान्याचं यंत्र रास्पबेरी पायवर चालत असेल, बोर्ड नाही मिळाला तर माल बाहेर पडणार नाही आणि पगार अडतील. माझी माळ त्याच्या आधी नाही. अप्टनचा निर्णय मला पटतो. पटत नाही ते इथल्या विक्रेत्याचं वागणं. बोर्ड हातात नसताना साइटवर 'उपलब्ध' लिहायचं, पैसे घ्यायचे आणि तारखा पुढे ढकलत राहायचं. टंचाई सगळ्यांना सोसावी लागते, पण खरी तारीख सांगायला चिप लागत नाही.

२६ जून २०२२

जूनही गेला. आता सप्टेंबर म्हणतायत. चार महिन्यांत एकही कार्ड वाचलं गेलं नाही.

काल रात्री वहीत एक साधा हिशेब केला, तो फेब्रुवारीतच करायला हवा होता. एका कार्डात २०८ जागा, प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही. म्हणजे २०८ बिट, २६ बाइट. १,२४८ कार्डांचे ३२,४४८ बाइट. अख्खा मोर ३२ किलोबाइटमध्ये मावतो! आणि यासाठी मी ४ जीबीच्या बोर्डाची वाट बघत बसलो होतो. कॅमेरा डोक्यात पक्का बसला होता म्हणून पाय ४ लागत होता. कॅमेरा काढला तर हे काम रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचं आहे. त्याच्या फ्लॅशमध्येच २ एमबी जागा आहे.

पिको बाजारात सहज मिळतो, हे या टंचाईतलं वेगळेपण. त्याची आरपी२०४० चिपही ४० नॅनोमीटरचीच, पण एवढी छोटी, फक्त २ चौरस मिलिमीटर, की एका वेफरमधून, म्हणजे सिलिकॉनच्या एका चकतीतून, सुमारे वीस हजार निघतात. थोडे वेफर मिळाले तरी पुष्कळ बोर्ड होतात. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत दोन पिको, प्रत्येकी ३८० रुपये, उजेड ओळखणारे फोटोट्रान्झिस्टर, एलएम३३९ आयसी आणि मोटर चालवायला एल२९८एन ड्रायव्हर घेतले, आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. चार महिने अडलेलं सामान एका दिवसात हातात आलं.

३१ जुलै २०२२

यंत्र उभं राहिलं. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची गाडी काढली आणि तिच्या डोक्याच्या जागी काळ्या ॲक्रिलिकच्या पट्टीत आठ फोटोट्रान्झिस्टर बसवले, एका रकान्यातल्या आठ जागांसाठी आठ. खाली पांढऱ्या एलईडीची पेटी. गाडी कार्डाच्या लांबीवरून सरकते आणि सव्वीस ठिकाणी थांबून वाचते. माळ पुढे ओढायला काकांनी मागावरचा लाकडी सिलिंडरच काढून दिला. कार्डं वर्षानुवर्षं त्याच्याच खुंट्यांवर बसत आलीत, त्यामुळे सरळ बसवायची वेगळी सोय करावी लागली नाही.

पिकोवर बाहेर काढलेले ॲनालॉग पिन, म्हणजे कमी-जास्त व्होल्टेज मोजणारे पिन, तीनच आहेत, मला आठ हवे होते. म्हणून एलएम३३९. एका आयसीत दोन व्होल्टेजची तुलना करणारे चार कंपॅरेटर, दोन आयसीत आठ. त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते स्वतः वरचं व्होल्टेज देत नाही, ते पुल-अप रोधातून येतं; त्यामुळे आयसीला ५ व्होल्ट दिले तरी पुल-अप ३.३ व्होल्टला जोडता येतो आणि पिकोचा पिन जळत नाही. किती उजेडाला भोक समजायचं तो उंबरठा ठरवायला प्रत्येक सेन्सरला वेगळा प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रोध, लावला. एकाच प्रीसेटवर आठही चालवायला गेलो तर कडेचे दोन सेन्सर सतत चुकत होते.

सगळ्यात जास्त वेळ उजेडाने खाल्ला. दुपारी खिडकीतून ऊन आलं की कार्डावरून उडालेला उजेड सेन्सरला भोकासारखा दिसायचा. कोडमध्ये उपाय शोधत दोन रात्री घालवल्या. शेवटी आईने तिची जुनी काळी शाल यंत्रावर टाकली आणि चुका थांबल्या.

२१ ऑगस्ट २०२२

मोर उतरला.

एका कार्डाला १४ सेकंद, अख्ख्या माळेला जवळपास पाच तास. प्रत्येक कार्ड वाचलं की पिको लगेच फाइलमध्ये लिहितो. मधे एकदा वीज गेली, पण फक्त चालू कार्ड पुन्हा वाचावं लागलं. माळ दोनदा चालवून दोन्ही फाइली ताडून बघितल्या. पहिल्यांदा ७१ कार्डांत फरक आला. बहुतेक ठिकाणी भोकात तेल आणि कापसाचा बारीक कचरा घट्ट बसला होता. जुन्या टूथब्रशने साफ केलं आणि नऊवर आलं. ही नऊ कार्डं फाटलेली आहेत. फाटलेली जागा आणि भोक यातला फरक माझ्या सेन्सरला कळणं शक्य नाही.

बहिणीच्या लॅपटॉपवर ठिपके उमटवले तेव्हा काका शेजारी बसले होते. आधी पिसारा आला, मग मान. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हितं एक धागा चुकलाय. मास्तर जिवंत होते तवापासून चुकलेला हाय."

ती चूक मी तशीच ठेवलीय.

२३ ऑक्टोबर २०२२

उद्या लक्ष्मीपूजन. शेड रिकामी झाली.

यंत्र जलद वाचतं, पण माळ झाडणं, साफ करणं आणि तुटलेली दोरी नव्याने ओवणं यालाच दोन-दोन रविवार जातात. पावसाळ्यात पुठ्ठे वाकले होते, ते आधी वजनाखाली ठेवावे लागले. पाच माळा पूर्ण वाचून झाल्या. सहाव्या माळेला वेळच उरला नव्हता. बहीण आणि मी शेडमध्येच एलईडीच्या पेटीवर एकेक कार्ड ठेवून फोनने फोटो काढले. दोन रात्री, ९३६ फोटो. सातवी फुलांच्या नक्षीची माळ सकाळी टेम्पोत गेली. तिची अर्धी कार्डं उंदरांनी आधीच खाल्ली होती, पण अर्धी शाबूत होती.

फेब्रुवारी ते जून मी एका बोर्डाची वाट बघितली. त्या चार महिन्यांत सातवी सहज झाली असती. जे कुणी आत्ता अशाच ऑर्डरवर अडकले असतील त्यांना माझं सांगणं एवढंच, की पैसे भरले त्याच रात्री आपल्या कामाचे बाइट मोजा. बोर्ड नक्की कुठल्या भागासाठी लागतो ते शोधा, आणि उरलेला भाग आज हातात असलेल्या सामानावर सुरू करा.

१८ डिसेंबर २०२२

या आठवड्यात अप्टनने नवी माहिती दिली. एकेक बोर्ड घेणाऱ्यांसाठी एक लाखाहून थोडे जास्त बोर्ड बाजूला ठेवलेत, त्यात झीरो डब्ल्यू, ३ए प्लस आणि पाय ४ चे २ आणि ४ जीबीचे प्रकार. झीरो ५ वरून १० डॉलर झाला, झीरो डब्ल्यू १० वरून १५. पुरवठा २०२३ च्या दुसऱ्या तिमाहीत पूर्वीसारखा होईल असा त्यांचा अंदाज. भाववाढ झाली तरी वाईट वाटलं नाही, कारण कारण सांगून केलीय.

मी ऑर्डर रद्द केली. दहा महिन्यांनी पैसे परत मिळाले.

६ ऑगस्ट २०२३

पाय ४, ४ जीबी, मूळ किमतीच्या आसपास, सोबत काही घेण्याची सक्ती न करता. मंगळवारी मागवला, शनिवारी घरी आला. डबा उघडताना हात थरथरले, हे इथे लिहायला हरकत नाही.

बहीण नोकरीला पुण्याला गेली, लॅपटॉपही तिच्यासोबत गेला. त्यामुळे फोनने काढलेले ९३६ फोटो दहा महिने तसेच पडून होते. आता टीव्हीला जोडलेला पाय ४ रात्रभर त्यावर चालतो. फोटो हाताने काढलेले असल्याने प्रत्येक कार्ड थोडं तिरकं आहे. दोन्ही टोकांची खुंटीची मोठी भोकं आधी शोधायची, त्यावरून चित्र सरळ करायचं आणि मग जाळी टाकून २०८ जागा तपासायच्या. ८५२ कार्डं पहिल्याच फेरीत बरोबर आली. बाकीच्यांत माझ्याच बोटांच्या सावल्या आहेत, ती डोळ्यांनी बघून भरतोय, रोज रात्री दहा.

१ ऑक्टोबर २०२३

गुरुवारी पाय ५ जाहीर झाला. ४ जीबी ६० डॉलर, ८ जीबी ८० डॉलर. त्यांच्या घोषणेतली एक ओळ मी दोनदा वाचली: वर्षअखेरीपर्यंत पाय ५ एकेक बोर्ड घेणाऱ्यांनाच देणार, टंचाईत ज्यांना थांबावं लागलं त्यांच्यासाठी. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "ध्यानात ठिवलं म्हण की."

मी इतक्यात घेणार नाही, पाय ४ ला अजून काम आहे. त्याच्यावर कॅमेरा लावून मोराच्या माळेतली फाटलेली नऊ कार्डं जवळून घेतोय. कडेचा तंतू सुटलेला असेल तर ते फाटलेलं, कड गोल आणि दाबलेली असेल तर पंचाचं भोक, असा फरक मोठ्या चित्रात दिसतो. सहा कार्डं सुटली. उरलेली तीन पुढच्या रविवारी काकांकडे घेऊन जाणार आहे. त्यांच्याकडे त्याच मोराची एक चादर अजून कपाटात आहे, धागे मोजायला भिंग मी आणतो म्हटलंय.