तुम्ही विचारलंत म्हणून: डॉर्म कुठला घेऊ?

मार्चअखेर अमेरिकेतल्या कॉलेजांचे निकाल लागतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. मधल्या महिन्यात माझा फोन वाजत राहतो. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मैत्रिणी, पुण्याची मावसबहीण, मंडळाच्या गणपतीत नुसती तोंडओळख झालेली माणसं, सगळ्यांचा प्रश्न एकच: "तुमची दोन्ही मुलं इथेच शिकली ना? मग सांगा, पहिल्या वर्षाला डॉर्म कुठला चांगला?"

डॉर्म म्हणजे कॉलेजचं वसतिगृह, त्यालाच इथे हॉलही म्हणतात. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. लांब कॉरिडॉर, समोरासमोर खोल्या, एका खोलीत दोघं आणि बाथरूम मजल्यावर सामाईक, असा जुना हॉल मिळत असेल तर तो घ्या. नव्या इमारतीतला स्वतंत्र बाथरूमचा सूट दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी राहू द्या.

"एवढे डॉलर मोजून सामाईक बाथरूम?" हो. पहिल्या वर्षी तुम्ही खोली घेत नसता, शेजार घेत असता. सूटमध्ये दार लावलं की आतली चार माणसं आणि त्यांचे चार फोन. कॉरिडॉरमध्ये ब्रश तोंडात धरून उभं असताना ओळखी होतात, कुणाचं तरी दार उघडं दिसतं, कुणीतरी "जेवायला येतेस का?" विचारतं. गिरगावात चाळीत वाढलेल्या माझ्या सासूबाईंना हे समजावून सांगावं लागलं नाही. नुसता फोटो बघून म्हणाल्या, "बरं आहे, कुणी आजारी पडलं तर कळेल तरी."

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये लग्न झालेल्या विद्यार्थ्यांच्या घरांचा अभ्यास केला होता, १९५० साली तो प्रसिद्ध झाला. कोण कुणाचा मित्र झाला, हे बऱ्याच अंशी दार दारापासून किती लांब यावर ठरलं होतं. जिन्याशेजारी राहणाऱ्यांच्या तर वरच्या मजल्यावरही ओळखी होत्या, कारण येणारा-जाणारा त्यांच्या दारावरूनच जायचा. अठरा वर्षांचं, कुणालाच न ओळखणारं मूल मोठ्या विद्यापीठात सोडताना मला हे संगमरवरी लॉबीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

दुसरं बघायचं ते नकाशावर. कॉलेजचा नकाशा काढा आणि मुलाचा एखादा मंगळवार त्यावर चालून बघा. सकाळचा तास कुठे, दुपारी जेवण कुठे, लॅब कुठे, रात्री दहाला लायब्ररीतून परत यायचा रस्ता कुठला.

माझी मुलगी अर्बाना-शँपेन या जोडशहरात, इलिनॉय विद्यापीठात होती. तिथे पहिल्या वर्षी विद्यापीठाने मान्यता दिलेल्या निवासातच राहावं लागतं. त्यात विद्यापीठाचे स्वतःचे हॉल आहेत, तसे काही खासगीही आहेत. इंजिनिअरिंगची मुलं आयएसआर, म्हणजे इलिनॉय स्ट्रीटच्या हॉलवर डोळा ठेवून असतात, कारण त्यांच्या इमारती तिथून पायी जवळ. शँपेनच्या बाजूला आयकनबेरीच्या हॉलांचा मोठा पसारा आहे. जुने विद्यार्थी त्याला अजून 'सिक्स पॅक' म्हणतात. गजबज, मोठं डायनिंग हॉल, जिम शेजारी. मुलीने या दोन्हींना बगल देऊन ॲलन हॉल घेतला. तिथे १९७२ पासून 'युनिट वन' नावाचा कार्यक्रम चालतो: काही तास इमारतीतच भरतात, आणि कलाकार, लेखक, कार्यकर्ते पाहुणे म्हणून तिथेच मुक्कामाला येऊन मुलांशी बोलतात. शिकायची जीवशास्त्र, पण संध्याकाळी मातीची भांडी करायची. घरी असती तर आम्ही तिला तेवढा वेळ वाया घालवू दिला नसता.

अशा 'लिव्हिंग-लर्निंग कम्युनिटी' पुष्कळ विद्यापीठांत असतात. कुठे विज्ञानातल्या मुलींसाठी, कुठे ऑनर्सवाल्यांसाठी, कुठे भाषेसाठी. चाळीस हजारांच्या कॅम्पसमध्ये शंभरेक जणांचं गाव मिळत असेल तर अर्ज जरूर करा. त्याचा अर्ज वेगळा असतो आणि मुदतही बऱ्याचदा आधी संपते.

मुलगा न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात गेला, आमच्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटांवर. न्यू ब्रन्सविक आणि पिस्कॅटवे मिळून तिथे कॉलेज ॲव्हेन्यू, बुश, लिव्हिंग्स्टन आणि कुक-डग्लस असे कॅम्पस, मध्ये रॅरिटन नदी, आणि ये-जा करायला विद्यापीठाच्या बस. इंजिनिअरिंग बुशवर. त्यामुळे तिथे "डॉर्म कुठला" याआधी "कॅम्पस कुठला" हे ठरतं. बुशवर राहिलात तर सकाळची झोप वाचते, कॉलेज ॲव्हेन्यूवर राहिलात तर संध्याकाळ चांगली जाते. मुलाने झोप निवडली. घर जवळ असणाऱ्यांना मी एवढंच सांगते की पहिले सहा-सात आठवडे शनिवारी डबा घेऊन पोचू नका आणि त्यालाही घरी आणू नका. मैत्र्या शनिवार-रविवारीच जमतात.

काही कॉलेजांत हा प्रश्नच उद्भवत नाही. येलमध्ये यायच्या आधीच चौदापैकी एक रेसिडेन्शिअल कॉलेज, म्हणजे राहण्या-जेवणाचं घर, तुम्हाला नेमून दिलेलं असतं. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातही तसंच. हार्वर्डमध्ये पहिलं वर्ष यार्डात, म्हणजे जुन्या मुख्य आवारात, किंवा त्याच्या आसपास, मग वसंतात चिठ्ठी निघते आणि पुढच्या तीन वर्षांचं हाउस कळतं. आपल्या पालकांना हे आधी जाचक वाटतं. मला विचाराल तर यात मुलांची सुटका आहे: निवडायचंच नाही म्हटल्यावर चुकीचं निवडल्याची रुखरुखही नाही.

आता रूममेट. "आपल्यातलीच कुणी शाकाहारी मुलगी मिळेल का हो?" मिळेल, इन्स्टाग्रामवर जून उजाडायच्या आत जोड्या जमतात. पण घाई करू नका. ड्यूक विद्यापीठाने २०१८ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना आपला रूममेट आपण ठरवण्याची मुभाच काढून घेतली, कारण एकाच पठडीतली मुलं एकमेकांनाच शोधत होती. डार्टमथ कॉलेजात चिठ्ठीने जमलेल्या रूममेटांचा अर्थशास्त्रज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी अभ्यास केला. २००१ च्या त्या निबंधात दिसलं की रूममेटचा परिणाम मार्कांवर होतो, फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलांच्या क्लबात, जायचं की नाही यावरही होतो, पण मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठला घ्यायचा यावर होत नाही. म्हणजे रूममेटचं वळण लागतं, पण आयुष्याची दिशा काही तो ठरवत नाही. खरी भानगड असते ती विद्यापीठाच्या प्रश्नावलीत. "रात्री किती वाजता झोपता?" याचं उत्तर "दहा" असं आई लिहिते. मग दोन वाजेपर्यंत जागणारं आपलं लेकरू एका खरोखर दहाला झोपणाऱ्या बिचाऱ्याच्या खोलीत जाऊन पडतं. फॉर्म मुलांना भरू द्या, आणि दाराबाहेर थांबा.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांच्या डोक्यात आपलं हॉस्टेल असतं: मुलामुलींच्या वेगळ्या इमारती, रेक्टर, गेट बंद व्हायची वेळ. इथे एकाच मजल्यावर मुलं-मुली सर्रास असतात, आणि मजल्याची जबाबदारी ज्या आरएवर (रेसिडेंट असिस्टंटवर), तो स्वतः विद्यार्थी, वयाने दोन-तीन वर्षांनी मोठा. रात्री फोन करून "आला का हो खोलीवर?" विचारायला कुणी नाही. मार्कही तुम्हाला कळणार नाहीत. १९७४ च्या फर्पा कायद्याने कॉलेजातल्या विद्यार्थ्याच्या नोंदींचा हक्क त्याचा स्वतःचा, फी भरणाऱ्या बापाला एरवी त्या मागून मिळत नाहीत. मुलाला सांगून आधीच संमती घ्या किंवा विश्वास ठेवा. मी दुसरं केलं, कारण पहिल्यासाठी पुन्हा भांडावं लागलं असतं.

डॉर्मच्या प्रश्नामागे खरा प्रश्न बहुधा "कॉलेज बरोबर निवडलं ना?" हा असतो. तिथे मी रँकिंगच्या वादात पडत नाही. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं की सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळालेल्या मुलांपैकी ज्यांनी कमी नावाजलेलं कॉलेज पत्करलं, त्यांची पुढची कमाई सरासरीने इतरांसारखीच होती. अपवाद गरीब घरच्या मुलांचा, त्यांना नावाजलेल्या कॉलेजचा फायदा झाला. तेव्हा पाचवा नंबर की पंधरावा यावर जेवणाच्या टेबलावर रक्त आटवू नका. त्यापेक्षा हे विचारा की मुलाचं मन बदललं तर दार उघडं आहे का. पर्ड्यू विद्यापीठात इंजिनिअरिंगची मुलं आधी एकत्र पहिलं वर्ष करतात, शाखा नंतर ठरते. उलट इलिनॉयला कॉम्प्युटर सायन्समध्ये सुरुवातीला प्रवेश नसेल, तर नंतर आत शिरणं महाकठीण. "आधी दुसरं काहीतरी घेऊ, मग बदलू" हा आपला आवडता डाव तिथे चालत नाही.

शक्य असेल तर एखाद्या साध्या दिवशी जाऊन या. प्रवेश मिळालेल्यांसाठीच्या खास दिवशी सगळीकडे फुगे आणि फुकट टीशर्ट असतात. साध्या दिवशी डायनिंग हॉलमध्ये बसा. किती मुलं एकटी, कानात हेडफोन घालून जेवताहेत ते बघा. नोटीस बोर्ड वाचा. आणि मुलाला तासभर एकट्याला फिरू द्या, आपण कॉफी प्या.

बाकी किरकोळ. पलंग ट्विन एक्सएल असतो, नेहमीच्या ट्विनपेक्षा पाच इंच लांब, त्यामुळे घरची चादर पुरत नाही. खोलीत उदबत्ती, निरांजन आणि बहुतेक ठिकाणी राइस कुकरही चालत नाही. जुन्या हॉलमध्ये एसी नसेल तर ऑगस्टसाठी पंखा लागेल. भारतातून येणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट होकार कळवण्याआधीच विचारावी: नाताळच्या सुट्टीत हॉल उघडा राहतो का? पुष्कळ ठिकाणी तीन-चार आठवडे बंद असतो, आणि राहायचं तर वेगळा अर्ज, कधी वेगळे पैसे. आमच्याकडे पाठवायचं असेल तर ऑक्टोबरमध्येच कळवा, बेसमेंट लवकर भरतं.