कुठलं क्रीम?

रेसिपीत नुसतं 'क्रीम, एक कप' असं लिहून मोकळे होणाऱ्या लोकांवर माझा जुना राग आहे. अरे कुठलं क्रीम ते सांगा की. फ्रेश, लाइट, सिंगल, डबल, हेवी, व्हिपिंग, सावर, शिवाय दुधाचं फॅटच नसलेलं ते नॉन-डेअरी, सगळ्यांचं आडनाव क्रीमच. आणि फ्रिजमध्ये आपल्याकडे कायम नेमकं दुसरंच असतं.

माझी सुरुवातच त्यातून झाली. केकवर लावायला क्रीम फेटायचं होतं, घरात २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम होतं, म्हटलं क्रीम ते क्रीम. बीटर लावला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वर मोठे मोठे बुडबुडे यायचे, वाटायचं आता होतंय, की फुटून परत पातळ. भांडं बर्फात ठेवलं, स्पीड वाढवला, ओट्यावर, चष्म्यावर, सगळीकडे शिंतोडे. वीसेक मिनिटांनी आई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, दूध कशाला फेटतेयस एवढं?"

मग वाचत बसले तेव्हा कळलं की बीटरचा दोष नव्हता. क्रीम थंड असताना त्यातले फॅटचे बारीक कण अर्धवट घट्ट असतात, फेटताना त्यांच्यावरचं पातळ आवरण फाटतं आणि ते एकमेकांना चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती भिंत उभी करतात. भिंतीला विटाच कमी पडल्या तर ती उभी कशी राहणार. साधारण ३० टक्क्यांच्या वर फॅट लागतं, ३५-३६ असेल तर निवांत, आणि क्रीम गार हवं, कारण फॅट वितळलं की भिंत ढासळली.

यावर माझं डोकं लगेच चाललं, की फॅटच कमी पडतंय ना, मग बटर घालू. १५० ग्रॅम दुधात ७५ ग्रॅम बटर वितळवलं तर हिशोबाने २९ टक्क्यांच्या आसपास फॅट होतं, कागदावर अगदी छान. सॉसमध्ये, सूपमध्ये, केकच्या पिठात हे मिश्रण खरंच चालतं, मी अजूनही करते. पण फेटायला घेतलं तर ढिम्म. बटर होतानाच ते कण मोडून एकत्र झालेले असतात, नुसतं ढवळून ते परत सुटे होत नाहीत. टक्केवारी जुळली म्हणून काम जुळत नाही.

दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून पुढच्या वेळी नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम आणलं. ते बाकी जादू आहे, फुगून तिप्पट-चौपट होतं, उन्हाळ्यातही बऱ्यापैकी टिकतं. वनस्पती तेलाचं असतं त्यामुळे जिभेवर मागे एक मेणचट थर राहतो, तो मला आवडत नाही पण ते जाऊ दे. खरी गंमत उरलेल्या अर्ध्या पॅकेटची झाली. मशरूम सूप केलं होतं, शेवटी क्रीम घालायचं, हे उघडं होतंच, घातलं ओतून. त्यात साखर आधीच घातलेली असते हे माझ्या ध्यानातच नाही! सगळे दोन चमचे प्यायले आणि एकदम शांत झाले. आईने जपून विचारलं, "आज सूप गोड करायचं होतं का?"

गरम पदार्थात प्रश्न हवेचा नसतो, तिथे भीती फाटण्याची. एकदा टोमॅटो सॉसमध्ये सावर क्रीम, म्हणजे आंबवलेलं क्रीम, घालून उकळलं आणि पांढऱ्या कण्या तरंगायला लागल्या. आंबटपणा आणि उष्णता मिळाली की दुधातली प्रोटीन्स गोळा होतात. फॅट भरपूर असेल तर प्रोटीनचं प्रमाण कमी पडतं, म्हणून हेवी क्रीम आंबट सॉसमध्ये खुशाल उकळा, काही होत नाही. क्रेम फ्रेश (फ्रेंच पद्धतीचं आंबवलेलं क्रीम, आपलं फ्रेश क्रीम नव्हे) आंबट असूनही तग धरतं ते ३० टक्क्यांच्या आसपासच्या फॅटमुळेच. कमी फॅटचंच असेल तर गॅस बंद करून घाला, आधी थोडा गरम सॉस क्रीममध्ये कालवून मग ते भांड्यात सोडा, आणि चिमूटभर कॉर्नफ्लोअरने जीव भांड्यात पडतो.

चॉकलेट गनाशला, म्हणजे गरम क्रीममध्ये चॉकलेट विरघळवून करतात त्या मिश्रणाला, तर फ्रेश क्रीमही चालतं, थोडं मऊ होतं इतकंच. आइस्क्रीमला मात्र कंजूषी केलीत तर पाणी जास्त, म्हणजे बर्फाचे खडे.

नंतर मला वाटायला लागलं की जास्त फॅट म्हणजे नेहमी बरंच. ब्रिटिश डबल क्रीम ४८ टक्क्यांचं असतं, अमेरिकन हेवी क्रीम किमान ३६ चं. डबल क्रीमच्या तीन भागांत एक भाग दूध मिसळलं की जवळपास हेवी क्रीमच, हे मला माहीत होतं, पण कंटाळा. तसंच फेटायला घेतलं, फोन आला, मिनिटभरच बोलले असेन. येऊन बघते तर क्रीम दाणेदार. तेव्हाच थांबून दोन चमचे गार क्रीम घातलं असतं तर सावरलं असतं, पण मी आणखी फेटलं, आणि पिवळसर गोळा एकीकडे, पांढरं पाणी एकीकडे. बटर झालं होतं.

पाणी काढून टाकलं, मीठ घातलं, टोस्टला लावून आईला दिलं. काय घडलंय ते काही सांगितलं नाही. तिने दोन टोस्ट खाल्ले, तिसऱ्याला हात घातला आणि म्हणाली, हे फार छान झालंय, लिहून दे मला.

मी चिठ्ठीवर लिहिलं: क्रीम, एक कप. मीठ, चवीपुरतं.

तिने चष्मा वर केला. "कुठलं क्रीम?"