कराडहून गुहागरला, लग्नाच्या कामाला

“पाहुणे म्हणून येणार असाल तर रविवारी या. कामाला येणार असाल तर शनिवारी दुपारपर्यंत पोचा.”

गुहागरचा फोन आला तेव्हा एवढंच बोलणं झालं. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण होतं आणि मला ते फार आवडलं. मी लगेच “शनिवारी” म्हटलं.

गुहागर म्हणजे माझा मित्र. कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात कुणाला कुणाचं नाव ठाऊक नव्हतं, तेव्हा गावाच्या नावाने हाका सुरू झाल्या आणि त्याच कायम झाल्या. मी बार्शी. बाकीचे जळगाव, सोलापूर आणि सांगली. त्याला आता तीस वर्षं होतील. आमच्या पाचांच्या घरातलं हे पुढच्या पिढीतलं पहिलं लग्न, त्यामुळे सांगली मस्कतहून सुट्टी काढून आला होता आणि जळगावने दोन महिने आधीच रजा टाकली होती.

शुक्रवारी संध्याकाळी चौघं कराडला जमलो. थेट गुहागरला जाता आलं असतं, पण कराडात एक रात्र काढायची हे कुणीच न ठरवता ठरलं होतं. प्रीतिसंगमावर जाऊन बसलो. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या डोंगरातल्या, पण वेगवेगळ्या खोऱ्यांतून उतरतात आणि इथे अगदी समोरासमोर येऊन भेटतात. एरवी दोन नद्या तिरक्या येऊन मिळतात. इथे त्या एकमेकींच्या अंगावर येतात, आणि मग एक होऊन पूर्वेकडे वळतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळच्या हिरवळीवर मुलं खेळत होती. घाटाच्या पायऱ्या दिवसभराच्या उन्हाने अजून तापलेल्या होत्या. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्या पायरीवर बसायचो ती शोधायला सोलापूर दोनदा खाली-वर करून आला. भेळ खाल्ली. कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची बारावी, असं सगळं तिथे बोलून झालं. फोनवर वर्षभर जे बोलणं होत नाही ते पाण्याजवळ बसलं की अर्ध्या तासात होतं.

सकाळी सहाला निघालो. हा रस्ता म्हणजे जुना गुहागर-विजापूर मार्ग. मल्हारपेठ, पाटण मागे टाकलं की कोयनेचं खोरं अरुंद होत जातं आणि दोन्हीकडचे डोंगर जवळ येतात. मे महिन्यात ते करपलेले असतात. मधूनच एखादा गुलमोहोर दिसतो. कोयनानगरला चहाला थांबलो. तिसऱ्या वर्षी कॉलेजने आम्हाला पोफळीचं भूमिगत वीजघर दाखवायला आणलं होतं, ते जळगावला तपशिलासकट आठवत होतं. तो वीज क्षेत्रातच राहिला. १९६० मेगावॉटच्या या प्रकल्पाबद्दल तो आजही हातवारे करून बोलतो. कोयनेचं काही पाणी धरणाखालून नदीच्या वाटेने प्रीतिसंगमाला जातं. पण फार मोठा भाग डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला खाली सोडतात. त्यावर पोफळीला जनित्रं फिरतात, आणि तेच पाणी पुढे वाशिष्ठीत जाऊन दाभोळला अरबी समुद्राला मिळतं. दरवर्षी ६७.५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, पाणी असं पश्चिमेला वळवायची मुभा आहे. आदल्या संध्याकाळी ज्या नदीकाठी बसलो होतो, तिच्याच पाण्याबरोबर आता आम्ही घाट उतरणार होतो. विद्यार्थी असताना हे पाठ केलं होतं. या वेळी ते मनाला भिडलं.

कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी करवंदं घेऊन बाया बसल्या होत्या. पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात काळीभोर करवंदं, बोटं चिकट करणारी. चार द्रोण घेतले आणि पहिल्या वळणाआधी संपवले. घाट उतरताना हवा बदललेली अंगाला कळते. वरचा कोरडा वारा जातो आणि दमट, जडशीळ ऊन चिकटतं. चिपळूणला वाशिष्ठी भर उन्हाळ्यातही वाहताना दिसते ती या कोयनेच्या पाण्यामुळेच. याच नदीने २२ जुलै २०२१ ला शहर बुडवलं होतं. पुलावरून जाताना गाडीत कुणी बोललं नाही. पुढे मार्गताम्हाणे, शृंगारतळी, आणि मग लाल मातीच्या उतारावरून खाली माडांचे शेंडे दिसायला लागले.

गुहागर हे गाव लांबच लांब आहे. समुद्राला समांतर एकच रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरं, आणि समुद्राकडच्या प्रत्येक घरामागे आगर. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. ती ओलांडली की सुरूचं बन, मग सहाएक किलोमीटरची वाळू. रस्त्यावर उभं राहिलं तर समुद्र दिसत नाही, ऐकू येतो.

खळ्यात मांडव उभा होता. खांबांना आंब्याचे टाळे, दाराशी केळीचे खुंट, वर नारळाचे झाप. कमानी, रंगीत दिवे, भाड्याचे सोफे यांतलं काही नव्हतं. मित्राने मिठी मारली आणि दुसऱ्याच मिनिटाला माझ्या हातात खवणी दिली. पडवीत शेजारच्या चार काकू नारळ खवत बसल्या होत्या, त्यांच्या रांगेत मला जागा झाली. सांगलीला फणस मिळाले. हाताला आणि कोयत्याला खोबरेल लावायचं, मग फणस फोडायचा, नाहीतर चीक दोन दिवस जात नाही. हे त्याला मित्राच्या आईने शिकवलं. सत्त्याऐंशी वर्षांच्या त्या आजी ओटीवर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवून होत्या. “कापा बाजूला, बरका बाजूला. आठळ्या टाकू नकोस रे बाळा, उद्याच्या अळवात जायच्या आहेत.”

त्या दुपारी मी जे पाहिलं ते मला जपून लिहायचं आहे. पुण्यात गेल्या काही वर्षांत मी गेलो ती बहुतेक लग्नं कार्यालयातली. एका माणसाला पैसे दिले की फुलांपासून आहेराच्या पाकिटांपर्यंत सगळं होतं, आणि यजमान दाराशी उभे राहून हसत राहतात. त्यात मी कुणाला दोष देत नाही. दोघं नोकरी करणारे, घरात माणूस नाही, दुसरं काय करणार? पण इथे वाडीची सामाईक भांडी आली होती, एकेक पातेलं दोघांनी उचलायचं. जानोशाचं घर म्हणून समोरच्यांनी आपलं अख्खं घर रिकामं करून दिलं होतं आणि स्वतः मागच्या पडवीत पथाऱ्या टाकल्या होत्या. आचारी गावातला. त्याने परसात लांबलचक चुलवण खणलं होतं. कुणाच्या घरची अढी उघडून आंबे येत होते, कुणाकडून ताकाचे हंडे. अशा घरासाठी माणूस गाव सोडून जात नसेल, किंवा गेला तरी परत येत असेल. माझा मित्र २००८ मध्ये पुण्यातली चांगली नोकरी सोडून वडिलांच्या आजारपणात परत आला, तेव्हा आम्ही चौघांनी त्याला वेड्यात काढलं होतं. त्या शनिवारी मी त्याची मनापासून माफी मागितली. तो म्हणाला, “नारळ खव.”

संध्याकाळी डोंबिवलीहून वरपक्ष आला. पन्हं झालं, सीमांतपूजन झालं, देवळात व्याडेश्वराला नारळ ठेवून झाला. व्याडेश्वर इथल्या कितीतरी घरांचं कुलदैवत. मधे शंकर आणि चारी कोपऱ्यांना चार देवतांची देवळं, असं ते पंचायतन. रात्री साडेदहाला जेवणं उरकून आम्ही जरा टेकतोय तोच आगरातून वारा सुटला. आधी माड हलले, मग विजा, आणि मग वीस मिनिटं वळिवाचा पाऊस. मांडवाचा एक कोपरा बसला. झाप उडून रस्त्यावर गेले. खळं, जे दुपारी बायकांनी शेणाने सारवून रांगोळीसाठी ठेवलं होतं, त्याचा चिखल झाला.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांना रडायला वेळच मिळाला नाही. दोन्ही बाजूंच्या घरांतून विजेऱ्या आणि कंदील निघाले. रुखवत आम्ही चौघांनी उचलून माजघरात नेलं; साटं, लाडू आणि नवरीने स्वतः विणलेलं तोरण, सगळं कोरडं राहिलं. वाडीतली पोरं मांडवावर चढली. पहाटे चारला मला जाग आली तेव्हा तीन-चार बायका कंदिलाच्या उजेडात खळं पुन्हा सारवत होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी उन्हं आली तेव्हा ते वाळत आलं होतं, आणि हवा पावसाने धुतल्यासारखी थंड होती.

आम्ही पटकन सुरूच्या बनातून समुद्रावर जाऊन आलो. ओहोटी होती. वाळूवर आमच्याशिवाय दोन कुत्री आणि एक जाळं ओढणारं कुटुंब. सोलापूर कपड्यांसकट पाण्यात शिरला.

मुहूर्त अकराच्या सुमाराचा. मुलीला तिच्या मामाने आणून पाटावर उभं केलं. अंतरपाटाची दोन टोकं धरायला गुरुजींनी कुणाला तरी बोलावलं, तर नवरीच म्हणाली, “एक टोक बार्शीकाकाकडे द्या.” ही मुलगी लहानपणापासून आम्हाला बार्शीकाका, जळगावकाका म्हणते, आमची खरी नावं तिला बऱ्याच उशिरा कळली. मी टोक धरलं. कापडाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, आणि मला दोघांचेही चेहरे दिसत होते. त्या जागेवरून लग्न कधी पाहिलं नव्हतं. तिचे ओठ कोरडे पडले होते आणि तो सारखा अक्षतांची मूठ घट्ट करत होता. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट उत्तरेकडे ओढला गेला, आणि ताशा सुरू झाला. माझा चष्मा धुरकट झाला होता.

मग पंगती. हा दिवसाचा खरा श्रमाचा भाग. वाढपाला आम्ही चौघं आणि वाडीतली पंधरा पोरं, आणि आमच्यावर एक पंचाहत्तरीचे आजोबा. त्यांनी आधी रांगेत उभं करून शिकवलं. केळीच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. खाली मधे भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तूप, आणि तूप वाढून झाल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही. “मीठ वाढणाऱ्याने घाई करायची नाही. पंगतीचा वेग तोच ठरवतो.” मला मीठ मिळालं. दीडशे पानांवरून वाकत गेलो तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ समजला. मागून येणारा प्रत्येक जण माझ्या पावलावर पाऊल टाकत होता. अळूचं फदफदं आठळ्या आणि काजू घातलेलं, कच्च्या गऱ्यांची भाजी, मसालेभात, जिलबी, आमरस, मठ्ठा. आमरसाला ओगराळं घेऊन जळगाव फिरत होता आणि “अजून अर्धं” म्हणत पान भरत होता. त्या आग्रहाला तोड नाही. तीन पंगती झाल्या. विहिणींच्या पंगतीला आजी स्वतः उठून आल्या, दाराला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी विहीण म्हटली. आवाज थरथरत होता, पण शब्द एकही चुकला नाही. सगळा मांडव गप्प झाला होता.

आम्ही चौथ्या पंगतीला, वाढपी आणि आचारी यांच्यासोबत बसलो. आता वाढायला नवरीचा भाऊ होता. इतकी गोड जिलबी मी खाल्लेली नाही.

झाल झाली, ओटी भरली. पाठवणीच्या वेळी मित्र मुलीशी काही बोलला नाही, फक्त गाडीत नारळाचं एक रोप ठेवलं. गाड्या गेल्या. साडेपाच वाजले होते. मांडवात सांडलेल्या अक्षता, उलटी पडलेली पातेली, आणि एवढ्या माणसांनंतरची ती शांतता. आम्हाला वाटलं तो आत जाऊन पडेल. तो धोतर वर खोचून आगराकडे निघाला.

“काल पाऊस झाला की रे,” सोलापूर म्हणाला.

“वीस मिनिटांच्या पावसाने पोफळीचं भागत नाही. दोन दिवस शिपणं झालेलं नाही.”

आम्ही मागोमाग गेलो. माडांच्या खाली पोफळी, पोफळींवर चढवलेल्या मिरीच्या वेली, मधे जायफळं आणि केळी. बाहेर उकाडा असताना तिथे संध्याकाळ आधीच झाली होती. त्याने पंप सुरू केला. विहिरीचं पाणी पाटातून यायला लागलं. एक आळं भरलं की फावड्याने माती ओढायची, ते बंद करायचं, पुढचं उघडायचं. आमच्याकडे बार्शीला याला दारं धरणं म्हणतात, ज्वारी-उसाला रात्ररात्र धरतात, मी ते लहानपणी केलं आहे. फावडं मी घेतलं. त्याने दिलं.

मुलगी कुठपर्यंत पोचली असेल ते तो अधूनमधून मोजत होता. “आता शृंगारतळी.” मग बऱ्याच वेळाने, “आता चिपळूण, वाशिष्ठीचा पूल.” सांगली पाटाच्या कडेने पुढे जाऊन पाणी कुठवर आलं ते ओरडून सांगत होता. समुद्राकडच्या शेवटच्या रांगेला दोन पोफळी उरल्या होत्या. अंधार पडला तसा जळगावने मोबाइलचा उजेड धरला आणि मी त्या दोघींची आळी उघडली.