उघडिपीच्या मागावर : मृगापासून हस्तापर्यंतची नोंद

गेल्या पावसाळ्यात मी नाशिकच्या आसपासच्या २२ ठिकाणी कॅमेरा घेऊन गेले आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी दुसऱ्यांदा गेले नाही. दिवाळीनंतर सगळी छायाचित्रे एकत्र पाहिली, तेव्हा त्यांत डोंगर, धबधबे आणि हिरवळ भरपूर दिसली. हवामान मात्र कुठेच दिसले नाही. एकतर संपूर्ण चौकट धुक्यात बुडालेली होती, नाहीतर पाऊस संपून लख्ख ऊन पडल्यानंतरची होती. म्हणून या वर्षी ठिकाणे कमी केली. अंजनेरी फाटा, पहिने, हरिहर किल्ल्याच्या पायथ्याचा निरगुडपाडा आणि घोटीच्या बाजूने दिसणारी कळसूबाईची रांग अशा घाटाजवळच्या चार जागा ठरवल्या आणि समुद्रासाठी हरिहरेश्वर ही एकच. प्रत्येक जागी पुन्हा पुन्हा जायचे आणि पाऊस नव्हे, तर दोन पावसांमधली उघडीप टिपायची, एवढेच या हंगामाचे उद्दिष्ट होते. नोंदी तारखांऐवजी पावसाच्या नक्षत्रांनुसार ठेवल्या आहेत, कारण आपल्याकडे पावसाचा स्वभाव अजूनही नक्षत्राच्या नावानेच ओळखला जातो.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला या छंदासाठी मिळालेली सोय फार मोठी आहे. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तिथून अवघ्या ४५ किलोमीटरवरच्या नाशिक शहरात तो सुमारे ७०० मिलिमीटरवर येतो. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढते, थंड होते, घाटमाथ्यावर पाणी सांडते आणि पूर्वेकडे उतरताना कोरडी पडत जाते. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पाऊस संपण्याची एक सीमा असते आणि ती दिवसभर पुढे-मागे सरकत राहते. या सीमेला मी माझ्या वहीत ‘पावसाची कड’ म्हणते. गेल्या वर्षी मी या कडेच्या आत शिरून छायाचित्रे काढत होते. या वर्षी कडेवर उभे राहायला शिकले.

मृग आणि आर्द्रा

या दोन नक्षत्रांत आठ फेऱ्या झाल्या आणि ठेवण्याजोगे छायाचित्र एकही मिळाले नाही. तरीही या काळाने दोन गोष्टी शिकवल्या. पहिली ढगांच्या उंचीची. सकाळी निघण्यापूर्वी हवेचे तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो) पाहायचा, दोहोंतल्या फरकाला १२५ ने गुणायचे, म्हणजे ढगांचा तळ जमिनीपासून साधारण किती मीटरवर असेल याचा अंदाज येतो. तापमान २७ अंश आणि दवबिंदू २३ अंश असेल, तर तळ सुमारे ५०० मीटरवर येतो. नाशिकची स्वतःची उंची सुमारे ६०० मीटर धरली, तर समुद्रसपाटीपासून तो ११०० मीटरवर पडतो. म्हणजे सुमारे १२८० मीटरच्या अंजनेरीचा माथा त्या दिवशी पूर्ण झाकलेला असणार आणि ११२० मीटरच्या हरिहरचा माथा ढगाला टेकलेला असणार. घाटाजवळ हवा अधिक ओली असल्याने तळ आणखी खाली येतो, हे धरूनच निर्णय घ्यावा. फरक दोन अंशांच्या आत असेल, तर मी आता डोंगराचा विचार सोडून देते आणि पहिन्याच्या ओढ्यांकडे, ओल्या खडकांकडे आणि झाडांच्या खोडांकडे वळते, कारण अशा वेळी दूरचे काही दिसणार नसते, पण जवळचे रंग फार गडद आणि शांत उमटतात. तिथे लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावल्याशिवाय काम करू नये. ओल्या पानांवरची चमक त्याने निघून जाते आणि मागचा खरा हिरवा रंग वर येतो.

दुसरा धडा एका चुकीतून मिळाला. आर्द्राच्या सुरुवातीला निरगुडपाड्याला पोचले तेव्हा हरिहरवरचा ढग नुकताच फाटत होता. गाडीत वातानुकूलन चालू होते, कॅमेरा मागच्या आसनावर गार झालेला होता आणि बाहेरच्या दमट हवेत काढताक्षणी पुढच्या काचेवर बाष्प धरले. पुसले की पुन्हा धरायचे. सुमारे वीस मिनिटांनी काच आपोआप स्वच्छ झाली, तेव्हा किल्ला परत झाकला गेला होता. त्यानंतर त्र्यंबकेश्वर सोडल्यावर मी वातानुकूलन बंद करते, काचा खाली घेते आणि कॅमेऱ्याची पिशवी डिकीत, उघड्या चेनसह ठेवते, म्हणजे पोचेपर्यंत लेन्स बाहेरच्या हवेच्या तापमानाला आलेली असते.

तरणा आणि म्हातारा

पुनर्वसूच्या पावसाला शेतकरी तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. माझ्या अनुभवात या वर्षी तरण्याने काम दिले. तो जोराने यायचा, पण थांबायचाही. निरगुडपाड्याला सलग पाच रविवार गेले. तिसऱ्या रविवारी दोन तास पाऊस थांबला नाही म्हणून मी ट्रायपॉड आवरू लागले, तेव्हा ज्यांच्या पडवीत उभी होते ते काका म्हणाले, “ताई, वारा फिरला का दिसंल डोंगर. तवर चहा घ्या.” मी थांबले. पाऊण तासाने गवत उलट्या दिशेला लवू लागले आणि खरोखरच किल्ल्याच्या मधोमध ढगाला खिंड पडली. माथा आणि पायथा झाकलेला, मधला काळा कातळ तेवढा उघडा आणि त्यावरून उतरणारी पाण्याची पांढरी रेघ, असे दृश्य जेमतेम चार मिनिटे टिकले.

त्या चार मिनिटांत मी पहिल्या सहा चौकटी वाया घालवल्या आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचे सगळे मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो, म्हणून धुके पांढरे न येता मळकट येते. ते टाळण्यासाठी मी एक्स्पोजर एक स्टॉप वाढवून, म्हणजे आत येणारा उजेड दुप्पट करून, ठेवलेले होते. ढग फाटून मागून उजेड आला, त्या क्षणी हा वाढवलेला स्टॉप उलटा पडला आणि ढगाच्या कडा पूर्ण पांढऱ्या होऊन गेल्या. रॉ फाइलमधूनही, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीतूनही, गेलेला तपशील परत येत नाही. धुक्यात वाढवायचे आणि उघडिपीत घटवायचे, हे दोन्ही नियम ठाऊक असूनही घाईत बदल सुचत नाही. म्हणून आता डायलवर दोन जोडण्या कायमच्या साठवल्या आहेत : पहिली धुक्यासाठी, लेन्सचे छिद्र एफ/८ आणि अधिक एक स्टॉप, दुसरी उघडिपीसाठी, एफ/११, उणे दोन तृतीयांश स्टॉप आणि सोबत तीन चौकटींचे ब्रॅकेटिंग, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या तीन चौकटी लागोपाठ. डायल एक घर फिरवली की काम होते. पडणारा पाऊस दिसायला हवा असेल, तर गडद कातळाची पार्श्वभूमी घेऊन शटर १/६० ते १/१२५ सेकंदाच्या दरम्यान ठेवते. त्याहून जलद गेले की थेंब गोठतात आणि पाऊस असल्याचे कळतच नाही.

या काळातले माझे सर्वांत आवडते काम मात्र अंजनेरी फाट्यावर झाले आणि ते इंद्रधनुष्याचे आहे. इंद्रधनुष्याचे केंद्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असते आणि कमानीची त्रिज्या सुमारे ४२ अंश असते. त्यामुळे सूर्य ४२ अंशांहून वर असताना सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसू शकत नाही. जुलैमध्ये नाशिकला सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो. हिशेब केला तर सकाळी सव्वानऊनंतर आणि दुपारी चारच्या आधी इंद्रधनुष्य शोधण्यात अर्थ उरत नाही. आता यात आपला भूगोल मिळवून पाहा. पाऊस पश्चिमेला घाटावर असतो आणि ढग पूर्वेकडे विरळ होत जातात, म्हणजे सकाळी ऊन आपल्या पाठीमागे आणि पावसाचा पडदा समोर, त्र्यंबकच्या डोंगरांवर. नाशिकच्या बाजूने घाटाकडे पाहणाऱ्याचे इंद्रधनुष्य हे सकाळी सात ते नऊचे आहे आणि गेल्या वर्षी मी ते संध्याकाळी शोधत होते. पुनर्वसू-पुष्यात अकरा सकाळी फाट्यावर उभी राहिले, त्यांपैकी तीन सकाळी कमान मिळाली. पूर्ण कमान ८४ अंश रुंद असल्याने ती आडव्या चौकटीत बसवायला फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद लेन्स लागते. मला मात्र ७० मिलिमीटरने घेतलेला कमानीचा नुसता पाय, अंजनेरीच्या कड्यावर टेकलेला, जास्त समाधान देतो. पोलरायझर या वेळी जपून फिरवावा. योग्य कोनात तो रंग खुलवतो आणि तिथून ९० अंश फिरला की कमान पुसून टाकतो.

अंजनेरीच्या पठारावर जाणाऱ्यांना एक विनंती आहे. तिथल्या उघड्या कातळावर पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पतींमध्ये अंजनेरीचेच नाव मिळालेले दुर्मीळ कंदीलपुष्प आहे. ट्रायपॉडचे पाय टेकताना आणि गुडघ्यावर बसताना खाली काय आहे ते पाहावे. मी पठारावर मळलेल्या वाटेवरूनच छायाचित्रे काढते.

आश्लेषा आणि मघा या नक्षत्रांत घाटावर सततची झड लागली. घोटीहून कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीच्या शिखरापासून अलंग, मदन, कुलंगपर्यंतची रांग दिसेल या आशेने चार वेळा गेले आणि चारही वेळा केवळ पायथ्याची भातखाचरे पाहून परतले. हा वेळ सामानाच्या देखभालीत घातला. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह ठेवते आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील हे पाहते, कारण पावसाळ्यातल्या ओल्या पिशवीत आठवडाभर राहिलेल्या काचेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

पूर्वा : हरिहरेश्वर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी समुद्र गाठला. दिवस मुद्दाम निवडला होता. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करायची, आली ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. प्रतिपदेला भरती पाऊण-एकच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सातच्या आसपास, ऐन सूर्यास्ताला. हे गणित पुढे नेले की छायाचित्रकाराच्या फार उपयोगाची गोष्ट हाती लागते. या किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या वेळी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच येते आणि तेच दिवस उधाणाचे असतात, म्हणजे पाणी सर्वांत जास्त मागे हटते आणि कातळ सर्वांत जास्त उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, सूर्यास्ताला भरती असते आणि खडक पाण्याखाली असतात. हा हिशेब केवळ दिवस ठरवण्यासाठी आहे. प्रत्यक्ष उतरण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिलेच पाहिजे.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर, दोन टेकड्यांमधल्या पायऱ्या उतरल्यावर, समुद्राने कोरलेला खडक लागतो. लाटांनी आणि खाऱ्या पाण्याने त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पाडली आहेत आणि तिरप्या उजेडात त्या प्रत्येक भोकात सावली साचते. भरती असताना किंवा समुद्र खवळलेला असताना इथे उतरणे जिवावर बेतते, म्हणून मी साडेपाचला, पाणी उतरत असताना, नवऱ्याला पाण्याकडे लक्ष ठेवायला सोबत घेऊनच उतरले आणि कॅमेऱ्यात डोळा असेल तेव्हा त्यांनी लाटांवरून नजर काढायची नाही असे ठरवून घेतले होते. ढग पूर्ण भरून आलेले होते. सहा वाजता एक सर येऊन गेली. साडेसहानंतर क्षितिजावर बोटभर पट्टी उघडली आणि सूर्य त्या पट्टीत उतरल्यावर वरच्या ढगांना खालून रंग चढला. इथे घाटावरची सवय उपयोगी पडली : सर आली म्हणून मी सामान आवरले नव्हते.

शटरचा वेग ठरवायला मला वेळ लागला. तीस सेकंदांना समुद्राचे धुके होते आणि ते मला आवडत नाही, कारण त्यात त्या दिवसाचा समुद्र उरत नाही. अर्ध्या सेकंदाला, लाट परत फिरताना शटर दाबले, की भोकांतून निसटणाऱ्या पाण्याच्या रेषा स्पष्ट येतात आणि ओढ जाणवते. १६ मिलिमीटरला एफ/११ वर हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केल्यास जवळपासून क्षितिजापर्यंत सगळे रेखीव येते ते) सुमारे ०.८ मीटर येते, त्यामुळे पायाजवळचा खडक आणि क्षितिज दोन्ही रेखीव मिळाले. फिल्टरवर खाऱ्या तुषारांचे डाग मात्र दर दोन मिनिटांनी येत होते. ते कोरड्या फडक्याने पुसले तर मीठ काचेवर घासले जाते; आधी गोड्या पाण्याने ओले केलेले फडके आणि मग कोरडे, असा क्रम ठेवावा. मुक्कामी पोचल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून साध्या पाण्याने धुतले.

हंगामाचा हिशेब हस्ताच्या पहिल्या दिवसापर्यंत असा आहे : ४१ फेऱ्या, त्यांपैकी १४ फेऱ्यांत उघडीप मिळाली आणि मोठ्या आकारात छापून घेण्यासारखी नऊ छायाचित्रे आली. त्यांतली पाच निरगुडपाड्याची आहेत. घोटीच्या रांगेचे अजून एकही नाही. आता सोनकी फुलली आहे, दुपारनंतर गडगडाटी ढग बांधू लागले आहेत आणि हत्तीचा, म्हणजे हस्ताचा, पाऊस संध्याकाळी येऊन रात्री थांबतो, त्यामुळे पहाटे धुके दरीत आणि डोंगर वर मोकळा, अशी स्थिती मिळण्याची शक्यता आहे. येत्या तीन पहाटा मी घोटीसाठी राखल्या आहेत. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रतिपदा येते. त्या संध्याकाळी सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास, ओहोटी पूर्ण होण्याच्या थोडा आधी होईल, म्हणजे उजेड जाताना त्या भोकांतून पाणी अजून निथळत असेल. हरिहरेश्वरची खोली सांगून ठेवली आहे.