क्लोझापीन: रक्ताच्या रिपोर्टापलीकडचं

दादाला स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारासाठी क्लोझापीन हे औषध सुरू करायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, रक्त. भीती खोटी नव्हती. या औषधाने थोड्या जणांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यातही जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल, धोकादायक खाली जातात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यापायी रुग्ण दगावले आणि औषध बऱ्याच ठिकाणी मागे घेतलं गेलं. ते परत आलं, कारण इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावर त्याच्या तोडीचं दुसरं सापडेना. १९८८ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी ३० टक्के क्लोझापीनवर सुधारले, जुन्या क्लोरप्रोमाझिनवर फक्त ४. दादाची दोन औषधं पूर्ण डोसमध्ये देऊन झाली होती, त्याला ऐकू येणारे भासाचे आवाज थांबले नव्हते.

सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी. मध्येच ताप आला किंवा घसा दुखला तर वाट न बघता त्याच दिवशी. हे सगळे सांगतात. पोटाचं मात्र कुणी ठासून सांगत नाही, आणि मला तेच जास्त काळजीचं वाटतं. क्लोझापीनने आतड्यांची हालचाल मंदावते. साधी वाटणारी बद्धकोष्ठता आतडं अडण्यापर्यंत जाते, त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून मी रोज विचारते, ‘पोट साफ झालं का?’ दादा वैतागतो, ‘मी काय तान्हं बाळ आहे?’ वैतागू दे. पोट फुगून दुखायला लागलं, उलट्या झाल्या तर घरगुती चूर्ण नाही, थेट हॉस्पिटल.

झोपेत लाळ गळते, उशीवर टॉवेल टाकतो. वजन वाढलंय, म्हणून साखरही तपासतो.

सिगारेटचं ऐकून मी चाटच पडले. धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापीन लवकर संपवतं. दादाने एकदम सिगारेट सोडली तर त्याच डोसला रक्तातलं औषध वाढेल, गुंगी येईल, फिटसुद्धा येऊ शकते. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नाही. त्यामुळे निकोटिनचं च्युइंगम चघळत सोडली तरी तेच. तो सोडायचं म्हणतोय, मलाही हवंच आहे, फक्त तारीख आधी डॉक्टरांना कळवायची असं ठरलंय.

आणि गोळ्या ४८ तासांहून जास्त चुकल्या तर आधीचा डोस परत चालू करायचा नाही. फोन करायचा, बहुधा साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं. प्रवासात गोळ्यांची एक पट्टी माझ्या पर्समध्ये, एक त्याच्या खिशात.